ग्रॅज्युएशनची वसुली

बारावीच्या पालकांमध्ये रश्मी तायडेचं नाव त्या वर्षी 'वसुलीबाई' पडलं होतं. ते तिच्या कानावर आलं, तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी ती थोडी सुखावलीच. आपल्याला कुणी घाबरतं, ही गोष्ट तिच्या आयुष्यात नवीन होती.

रश्मी मूळची मूर्तिजापूरची. वडील पंचायत समितीत शिपाई. बारावी पास झाली तेव्हा गुणपत्रिका आणायला ती एकटीच कॉलेजात गेली, रांगेत उभी राहिली, कागद घेऊन घरी आली आणि आईने सांगितलं म्हणून लगेच दळण घेऊन गिरणीवर गेली. पेढ्याचं सोडाच, किती मार्क पडले हेही कुणी विचारलं नाही. पुढे बाहेरून बी.कॉम. केलं, दशरथशी लग्न झालं आणि त्याच्या मागोमाग ती बहरीनला आली. दशरथ आयटीआय झालेला. एका उंच इमारतीच्या तळघरात एसीचे अवाढव्य चिलर सांभाळायचं काम करायचा, शिफ्टमध्ये. रश्मी मनामामधल्या एका दातांच्या दवाखान्यात बिलिंगला बसायची. माहूजमध्ये एक बेडरूम आणि हॉल असं घर. एकुलती एक मुलगी संघप्रिया इथेच वाढलेली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

बारावी झाली की संघप्रिया पुण्याला शिकायला जाणार, हे केव्हाच ठरलं होतं. म्हणजे लेकीचं घरातलं हे शेवटचं वर्ष. आपल्या वेळी जे झालं नाही ते हिच्या वेळी झालं पाहिजे आणि चारचौघांत झालं पाहिजे, असं रश्मीने मनाशी घट्ट धरलं होतं.

शाळेचा स्वतःचा कार्यक्रम दरवर्षी निकालानंतर शाळेच्याच हॉलमध्ये व्हायचा. काळे गाऊन शाळाच द्यायची, प्रिन्सिपल सर्टिफिकेट द्यायचे, समोसा आणि ज्यूसचा डबा मिळायचा. त्याला पैसे पडत नसत. पण गेल्या काही वर्षांपासून पालकांनीच एक वेगळी 'ग्रॅज्युएशन नाइट' काढली होती. परीक्षा संपल्या की सीफमधल्या एखाद्या भारी हॉटेलात. मुलांना नवे गाऊन, नावाचा पट्टा, फोटो, व्हिडिओ, शिक्षकांना भेटी आणि सगळ्यांना जेवण. शाळेचा तिच्याशी काही संबंध नसायचा. या वर्षी एका मुलामागे, आईबाप धरून, पंचाहत्तर दिनार ठरले होते. दशरथच्या पगाराचा तो पाचवा हिस्सा.

हे सगळं चालवायची ती सुनंदा. तिचे यजमान राजन बँकेत वरच्या जागेवर होते, मुलगा वरुण संघप्रियाच्याच वर्गात. सनद भागात त्यांचा बंगला होता. कमिटीची पहिली बैठक तिथेच झाली आणि सगळ्या पालकांना बोलावणं होतं, म्हणून रश्मीही गेली. दवाखान्यातून सुटल्यावर तिने बाथरूममध्ये साडी बदलली. गावाकडची बोली तर तिने अशा ठिकाणी कधीच बंद केली होती. सुनंदाच्या दारात पाय ठेवला की तिचं 'मले' आपोआप 'मला' व्हायचं.

"तायडे म्हणजे कुठले?" सुनंदाने चहा देताना विचारलं.

"अकोला जिल्हा."

"अच्छा, अच्छा." सुनंदा हसली. "मग तुमच्या लोकांचा तो एप्रिलमध्ये मोठा कार्यक्रम असतो ना? छान असतो म्हणे. शिस्तीत."

रश्मीने हो म्हटलं. सुनंदा शेजारच्या मेधाकडे वळली. मेधाही सुनंदासारखीच पुण्याची, तिचा नवरा ऑडिटर. "मेधाताई, तुम्ही हॉटेल बघा. मी गाऊन आणि व्हिडिओचं बघते. पैसे गोळा करायचं काम मात्र कटकटीचं आहे." मग तिची नजर परत रश्मीवर आली. "रश्मी, तू दवाखान्यात बिलिंगलाच आहेस ना? तुला सवय आहे पैसे मागायची. तू कर."

मेधाला 'तुम्ही' आणि आपल्याला 'तू', हे रश्मीच्या लक्षात आलं. तिने ते बाजूला सारलं. कमिटीच्या नव्या ग्रुपमध्ये तिचा नंबर गेला, आणि घरी परतताना टॅक्सीत ती तो ग्रुप पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

घरी दशरथ शिफ्टला निघायच्या तयारीत होता. बूट घालता घालता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हॉटेलात कायले पाह्यजे?" तो म्हणाला. "शाळा देते ना सर्टिफिकेट फुकटात. इकडं पोरीच्या हॉस्टेलचं डिपॉझिट भरा लागते, तिकीट काढा लागते. अन् तू लोकाईचे पैसे गोळा करत फिरशीन?"

"एकुलती एक पोरगी हाये. सगळ्याईच्या पोरी जातीन अन् आपली घरी बशीन?"

"घरी बसली तं मरत नाई."

"तुमाले काय कळते? तळघरात राहून राहून तसेच झाले तुमी."

दशरथने बुटाची नाडी आवळली, उठला आणि दार ओढून निघून गेला. त्या दिवसानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. डबा भरला का, गॅस आला का, एवढंच. रश्मीने बिल्डिंगमधल्या बायकांच्या भिशीतून आलेले पैसे परस्पर भरून टाकले. ते पैसे दोघांनी तिकिटासाठी म्हणून ठेवले होते. दशरथला ते नंतर कळलं. त्याने आरडाओरडा केला नाही, पण त्या महिन्यापासून पगारातले घरखर्चाचे पैसे तो तिच्या हातात देईनासा झाला. कपाटावर ठेवायचा आणि सांगायचा, "तिथं हायेत."

वसुलीचं काम रश्मीने मन लावून केलं. आधी गोड बोलून, मग फोनवर फोन करून. शाळेच्या गेटवर उभी राहायची, गाडीची काच खाली करायला लावायची. बहुतेकांनी भरले. आठ-दहा घरं मागे राहिली. कुणाचा पगार थकलेला, कुणाच्या घरी दोन मुलं एकदमच शेवटच्या वर्षाला. सुनंदाचा फोन आला, "रश्मी, किती दिवस चालणार हे? राहिलेल्यांची नावं टाक पालकांच्या ग्रुपवर. लाज वाटली की भरतात लोक."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय झालं? तुला जमत नसेल तर सांग, मी मेधाताईंना सांगते."

रश्मीने नावं टाकली. मुलांची नावं, आणि पुढे लाल खूण. त्याच दिवशी त्यातल्या चौघांचे पैसे आले. बरोबर काही मेसेजही आले, ते ती पुरते वाचू शकली नाही. एका बापाने तर लिहिलं होतं की तुमच्या मुलीवर अशी वेळ येवो. तिने त्याचा नंबर ब्लॉक केला आणि त्याचे पैसे मिळाल्याची नोंद टाकली.

उरलेल्यांत एक नाव सुहाचं होतं. सुहा आणि संघप्रिया पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या. सुहाची आई अख्तरुन्निसा मूळची नांदेडची, बुसैतीनला राहायची. नवरा ज्या कंपनीत ड्रायव्हर होता तिने महिनोन्महिने पगार दिला नव्हता, आणि अख्तरुन्निसा घरी बिर्याणीच्या ऑर्डरी घेऊन घर चालवत होती. रश्मीला हे सगळं माहीत होतं. संघप्रियाला लहानपणी ताप आला की कामावरून सुटेपर्यंत रश्मी तिला याच घरी ठेवायची.

ती शुक्रवारी सकाळी गेली. अख्तरुन्निसाचा ओटा कांद्यांनी भरलेला होता. तिने हात धुतले, चहा टाकला, रश्मीला पंख्याखाली बसवलं. मग आतून एक पाकीट आणून पुढे ठेवलं.

"चाळीस आहेत भाभी. बाकीचे पुढच्या महिन्यात. एक लग्नाची ऑर्डर लागली आहे, इंशाल्ला देऊन टाकते."

"अर्धे नाही घेता येत," रश्मी म्हणाली. चहाचा कप तिच्या हातात होता. "हॉटेलला हेडकाउंट द्यायचा आहे."

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात ते."

हे ऐकून रश्मी मऊ व्हायला हवी होती, पण झालं उलटंच. आपलं तिथे कुणी ऐकत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते कबूल करायची तिची तयारी नव्हती.

"एकीला सूट दिली की सगळे मागतील. आणि खरं सांगू का, झेपत नसेल तर पोरीला आशेला कशाला लावायचं? स्पष्ट सांगून टाकायचं तिला. सगळ्यांनीच हॉटेलात गेलं पाहिजे असं थोडंच आहे?"

अख्तरुन्निसाने पाकीट उचललं आणि परत आत नेऊन ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पार बदलला होता.

"चहा संपवा तुमचा," ती म्हणाली. "मला कांदा चिरायचा आहे."

पडद्यामागे सुहा उभी होती हे रश्मीला निघताना दिसलं. पोरीने सलामही केला नाही.

दोन दिवसांनी संघप्रिया शाळेतून आली ती थेट बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. रश्मीने जेवायला हाक मारली तेव्हा बाहेर येऊन उभी राहिली.

"यू वेंट टु सुहाज हाउस?"

"कामाला गेले होते."

"यू टोल्ड हर मदर की झेपत नसेल तर येऊ नका." इतकं मराठी तिने एका दमात कधी बोललेलं रश्मीला आठवत नव्हतं. "ते लोक मला जेवू घालायचे, मम्मी. तू कामावर असायचीस तेव्हा."

"मी कुणासाठी करते हे सगळं? तुझ्यासाठीच ना?"

"देन डोन्ट."

हॉलमध्ये दशरथ टीव्ही बघत बसला होता. त्याने आवाज वाढवला. रश्मीला वाटलं, तो काहीतरी बोलेल, निदान पोरीला गप्प करेल. तो चॅनल बदलत राहिला. ताट वाढून तिघांनी तीन जागी जेवण केलं.

हॉटेलचे उरलेले पैसे भरायचा दिवस आला. सुनंदा परस्पर येणार होती. रश्मी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन वेळेच्या आधीच पोचली. पैशांची पर्स छातीशी धरून लॉबीत बसली. बँक्वेटचं काम बघणारा गौरव नावाचा तरुण मॅनेजर तिच्याकडे आला, नाशिकचा निघाला, आणि मराठी बोलायला मिळालं म्हणून खुलला.

"मॅडम, तुम्ही पण कमिटीत ना? मग तुमचं काही टेन्शन नाही. कमिटीच्या बारा जागा आमच्याकडून कॉम्प्लिमेंटरी आहेत, सुनंदा मॅडमनी पहिल्याच मीटिंगला घासाघीस करून घेतल्या. स्टेजसमोरचं टेबल."

रश्मीला आधी नीट कळलं नाही. तिने परत विचारलं. गौरवने परत सांगितलं. बारा जागा म्हणजे चार घरं. सुनंदाचं, मेधाचं आणि आणखी दोघींचं. या चार घरांचे पैसे तिच्याकडे कधी आलेच नव्हते. 'आमचं आम्ही डायरेक्ट देतो हॉटेलला,' असं सुनंदा म्हणाली होती आणि तिने मान डोलावली होती. एवढे दिवस ती लोकांच्या पोरांची नावं लाल खुणा लावून टाकत होती, आणि ज्यांच्या सांगण्यावरून टाकत होती त्यांनी दिनार सोडाच, एक फिल्सही भरला नव्हता.

सुनंदा आली. अत्तराचा घमघमाट, गॉगल डोक्यावर. "सॉरी, ट्रॅफिक. दिले का पैसे?"

"ताई, त्या बारा जागा फुकट आहेत?"

सुनंदाने एकदा गौरवकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरकला.

"अगं, हॉटेलवाले देतातच तेवढं. आम्ही किती धावपळ करतोय दोन महिने. पेट्रोल, फोन, वेळ. त्याचं काय?"

"धावपळ तर मीही केली. मग माझे पंचाहत्तर का घेतले?"

"तुझं वेगळं आहे रश्मी."

"काय वेगळं?"

"तू कमिटीत कुठे आहेस? तू मदत करतेस आम्हाला." सुनंदाने आवाज मऊ केला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "आणि चार माणसांत ओळख झाली तुझी, हे काही कमी आहे का?"

अख्तरुन्निसाच्या घरात आपण बोललो ते सगळं शब्दाशब्दाने रश्मीला आठवलं. आणि त्या क्षणी तिच्या तोंडून जी भाषा निघाली ती तिने सुनंदासमोर कधी काढली नव्हती.

"आयका मग. चार पोरं राह्यली हायेत, त्याईच्या बापाजवळ पैसे नाईत. ह्या बारा जागा त्याईले द्या. तुमी तुमचे पैसे भरा. नाई तं ही पर्स घेऊन मी अशीच घरी जातो, अन् कार्यक्रम कसा होते थे पाह्यतो मी."

आवाज चढला नव्हता, तरी रिसेप्शनवरच्या मुलींनी माना वळवल्या. सुनंदाला तमाशा नको होता. ती हसली, गौरवकडे बघून इंग्रजीत म्हणाली की अर्थातच, तिच्या मनात हेच होतं, मुलांसाठीच तर हे सगळं चाललंय. गौरवने तिथल्या तिथे बुकिंग बदललं. रश्मीने पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि सुनंदाकडे न बघता बाहेर पडली. बस स्टॉपवर ऊन असह्य होतं, पण टॅक्सी करायचं तिला सुचलंच नाही.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सुनंदाचा मेसेज आला. कमिटीने मोठ्या मनाने चार गरजू मुलांचा खर्च उचलायचं ठरवलं आहे. खाली ती चार नावं होती. त्याखाली टाळ्यांची आणि हात जोडल्याची रांगच लागली. देव तुमचं भलं करो, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून, असं लोक लिहीत होते.

रश्मी किचनमध्ये उभी होती. तिने पोळी तव्यावरच सोडली आणि लिहिलं, 'त्या जागा हॉटेलने फुकट दिल्या होत्या. कमिटीवाले स्वतः त्यावर जाणार होते. कुणी कुणाचा खर्च उचललेला नाही.' मेसेज गेला. पोळी उलटायला वळली आणि परत बघते तर मेसेज पुसलेला, आणि ग्रुपवर लिहिताही येईना. तिला काढून टाकलं होतं.

तिची बाजू घेऊन कुणी फोन केला असं झालं नाही. ज्या चार घरांना जागा मिळाल्या त्यांपैकी तीन घरांनी घेतल्या आणि सुनंदाचे आभार मानले. अख्तरुन्निसाने नाही म्हणून कळवलं. 'गरजू' या शब्दाखाली तिच्या मुलीचं नाव आलेलं तिला सोसवलं नव्हतं, हे रश्मीला संघप्रियाकडून कळलं. संघप्रियाने ते सांगताना आईकडे पाहिलंही नाही.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना सुनंदाचा ड्रायव्हर माहूजला आला आणि खालच्या किराणा दुकानापाशी एक पाकीट देऊन गेला. आत पंचाहत्तर दिनार होते. पाठोपाठ फोनवर मेसेज. 'रश्मी, झालं ते झालं. पण इतकी कटुता मनात असताना तुम्ही येऊ नये असं सगळ्यांचं मत पडलं. तुमचे पैसे परत पाठवले आहेत. संघप्रियाला शुभेच्छा.' पहिल्यांदाच तिने 'तुम्ही' म्हटलं होतं.

दशरथने पाकीट हातात घेतलं, नोटा पाहिल्या. "बरं झालं," तो म्हणाला. "तिकिटाचे पैसे वापस आले."

"तुमाले आनंद झाला?"

"मले आनंद कायचा? पयलेच म्हटलं होतं, थे बाई तुले राबवून घेऊन राह्यली. तुले तिच्या सोफ्यावर बसा वाटे."

रश्मीने ते ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. बेडरूमच्या दारात संघप्रिया उभी होती. हातात नवा ड्रेस. त्या रात्रीसाठी दोघी मायलेकींनी भांडण व्हायच्या आधी जाऊन घेतलेला, गर्द हिरवा.

"सो आय कान्ट गो?"

"तूच म्हणाली होतीस ना, नको म्हणून?"

"आय सेड डोन्ट डू इट लाइक दॅट. मला जायचं होतं, मम्मी. ऑल माय फ्रेंड्स आर गोइंग. आय वॉन्टेड टु गो." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "आधी तुझ्यामुळे सुहा तुटली. आता पार्टीही गेली. तू एकदा तरी मला विचारलंस का?"

त्या दिवशी रश्मीने स्वतःला पार खाली आणलं. जिन्यात जाऊन सुनंदाला फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर उचलला गेला.

"ताई, माझं चुकलं म्हणा. मी येत नाही, हेही येत नाहीत. पोरीला एकटीला येऊ द्या. वरुणबरोबर इतकी वर्षं शिकली ती."

"मला फार वाईट वाटतंय रश्मी," सुनंदा म्हणाली, आणि ती खाता खाता बोलत होती. "पण नावं हॉटेलला गेली. लिस्ट क्लोज झाली. खलास." मागून राजनचा आवाज आला, कोण आहे म्हणून. "काही नाही, कलेक्शनवाली," असं सुनंदाने त्याला सांगितलं. फोन बंद करायच्या आधी सांगितलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी संघप्रिया दिवाणावर आडवी पडून फोनवर इतरांचे फोटो बघत होती. हिरवा ड्रेस तिने दुकानात परत करायला पिशवीत घालून ठेवला होता. रश्मी जवळ जाऊन बसली तर ती उठून आत गेली. दशरथ सुट्टीवर होता. खाली जाऊन त्याने सगळ्यांसाठी शावर्मा आणला, आणि कुणी खाल्ला नाही म्हणून स्वतः तीनही खाल्ले, मान खाली घालून, हळूहळू.

मग एका संध्याकाळी रश्मी परत बुसैतीनला गेली. जाताना काय बोलायचं ते तिने मनात घोळवलं होतं. अख्तरुन्निसाने दार अर्धवट उघडलं. आत या म्हणाली नाही. घरातून तळलेल्या कांद्याचा वास येत होता.

"भाभी, मी चुकीचं वागले. माफी मागायला आले."

"मागा," अख्तरुन्निसा म्हणाली.

रश्मी गोंधळली. "माफ करा मला."

"मागून झाली ना? आता जा." आवाजात राग नव्हता, थकवाही नव्हता. काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवल्यासारखा तो होता. "त्या बाईने माझ्या पोरीला 'गरजू' लिहिलं. ती मला ओळखत नाही, तिचं मी मनाला लावून घेणार नाही. तुम्ही ओळखत होतात. माझ्या घरात बसून बोललात. मी देणार होते पैसे, भाभी. लग्नाची ऑर्डर झाली. पैसे आले होते."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाही." आणि दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

मे महिन्यात निकाल आला. दोन्ही मुली चांगल्या मार्कांनी पास झाल्या. शाळेचा कार्यक्रम हॉलमध्ये झाला, सकाळी. शाळेचे काळे गाऊन वर्षानुवर्षं धुऊन करडे पडलेले होते आणि कुणाच्याच मापाचे नव्हते. ज्यांची हॉटेलातली रात्र होऊन गेली होती त्यांच्यापैकी पुष्कळजण आलेच नाहीत. सुनंदाचं घर सुट्टीला युरोपात होतं. हॉल अर्धा रिकामा होता, एसीचा आवाज माईकपेक्षा मोठा होता.

दशरथ शिफ्ट संपवून कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आला. आत आल्यावर त्याने रश्मीला पाहिलं, पण तो गेला पलीकडे, सुहाच्या बापाशेजारी. दोघं गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलत बसले, बहुधा थकलेल्या पगाराबद्दल. अख्तरुन्निसा बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होती. रश्मी तिच्या मागे चार रांगा सोडून बसली. जवळ बसायचं धाडस झालं नाही, आणि कुणी बोलावलंही नाही.

"संघप्रिया दशरथ तायडे," असं माईकवरून नीट म्हटलं गेलं. संघप्रिया स्टेजवर गेली, सर्टिफिकेट घेतलं, वाकली, उतरली. रश्मीने टाळ्या वाजवल्या. तिच्या रांगेत ती एकटीच वाजवत होती. तिला मूर्तिजापूरची रांग आठवली नाही, गिरणी आठवली नाही. तिला फक्त एवढंच वाटलं की एवढाच कार्यक्रम होता. एवढ्यासाठी शाळेने काही मागितलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मुलं अंगणात गेली. ऊन चटका देत होतं. संघप्रिया आणि सुहा एकमेकींना धरून उभ्या होत्या. त्यांच्यात केव्हा समेट झाला, हे रश्मीला कुणी सांगितलं नव्हतं. अख्तरुन्निसा डब्यातून मुलींना काही भरवत होती. रश्मी जिन्याच्या सावलीत थांबली. पुढे जावं की नाही ते तिला कळत नव्हतं.

संघप्रियाने इकडे-तिकडे पाहिलं. बाप सुहाच्या बापाबरोबर गेटपाशी पाण्याच्या कूलरजवळ होता. मग तिला आई दिसली. ती चालत आली, फोन पुढे केला.

"आमचा फोटो काढ," ती म्हणाली. "सरळ धर. मागच्या वेळी डोकं कापलं होतंस."

रश्मी उन्हात आली. अख्तरुन्निसा मुलींपासून चार पावलं बाजूला झाली, फोटोत येऊ नये म्हणून, आणि पाठ फिरवून डब्याचं झाकण लावत राहिली. रश्मीने फोन दोन्ही हातांनी धरला. दोन्ही डोकी पूर्ण आली आहेत ना, हे तिने नीट बघून घेतलं आणि मग काढला. संघप्रियाने फोन परत घेतला, फोटो मोठा करून पाहिला.

"ओके," म्हणाली आणि मैत्रिणीकडे निघून गेली.

जूनमध्ये ती पुण्याला गेली. तिकिटाचे पैसे पाकिटातलेच वापरले. विमानतळावर तिने बापाला मिठी मारली. आईलाही मारली, जराशी, बॅग खांद्यावर असतानाच. आता आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो, दशरथच्या नंबरवर. तो बोलून झाला की फोन टेबलावर ठेवतो आणि शिफ्टचे बूट घालायला लागतो. कॉल चालू असतो. रश्मी तो उचलते आणि विचारते, जेवलीस का.